दुसरी काडी

अर्धांगवायूने लाकूड होऊन पडलेल्या बापासमोर खुर्ची टाकायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचाच पाइप ओढायचा, हा धाकट्या मुलाचा रोजचा विरंगुळा होता.

"डॉक्टरांनी मनाई केलीय ना, अण्णा? मग नुसतं बघायचं."

म्हाताऱ्याची वाचा गेलेली. तो बघत राही.

दाबलेल्या तंबाखूची पातळ पट्टी धाकट्याने दुमडली, तळहातावर चोळली आणि पाइपात भरली. अण्णांनीच शिकवलेलं: पहिली काडी फक्त जाग आणायला, मग अंगठ्याने राख दाबायची, खरा धूर दुसऱ्या काडीचा.

पहिली काडी लावून त्याने मजेत झुरका घेतला. तोंडातून काहीच बाहेर आलं नाही.

धूर निघाला म्हाताऱ्याच्या नाकातून, अगदी निवांत.

धाकट्याने दचकून पाइप खाली ठेवला. बघता बघता तो विझून गार पडला. धुमसत होती ती धाकट्याची छाती.

कित्येक महिने न हललेला म्हाताऱ्याचा अंगठा चादरीवर हळूच दाबला गेला. तशा धाकट्याच्या बरगड्या आत दबल्या.

"अण्णा, चुकलो... पुन्हा नाही..."

म्हाताऱ्याने ओठ आवळले, तोंडात नळी धरावी तसे.

आणि धाकट्याच्या अगदी कानाशी कुणीतरी काडी ओढली.