चंचीतल्या गोळ्या

गोळी घशाखाली उतरेना म्हणून खुशालरावांनी ती दाताखाली फोडली आणि त्यांचा चेहराच उतरला. गेल्या सालच्या गोळ्या जिभेला आंबट लागायच्या. ही नुसती खडूची चव.

संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. अचलपूरजवळच्या स्वतःच्या मळ्यात वांगी तोडायलाही ती वळत नसत. लढाई सुरू झाल्यापासून विलायती गोळ्या मुश्किलीनं मिळत. परतवाड्याच्या डॉक्टरांकडून माणिकबाईच त्या आणायची. जेवण झालं की दुधाबरोबर एक गोळी नवऱ्याला द्यायची, वर गरम रेतीनं त्यांचे सांधे शेकायची. गेल्या साली खुशालराव पोटानं आजारी पडून दवाखान्यात राहून आले. तेव्हापासून गोळ्यांचा डबा ती कुणाच्या हाती लागू देत नव्हती.

ती पाण्याला गेलेली पाहून त्यांनी तिची खुंटीवरची कापडी चंची उघडली. आत कागदाची पुडी होती. त्यातली गोळी त्यांनी जिभेला लावली. आंबट.

मग त्यांना सगळं उमगलं. तिचा भाऊ नत्थुजी सांध्यांनी बेजार होता, आणि दर बाजाराला ती त्याच्याकडं जायची. खरी गोळी भावाला, खडू नवऱ्याला! तिनं हातानं जे दिलं ते आपण डोळे मिटून गिळत आलो.

माणिकबाई परतली तेव्हा त्यांनी पुडी पुढं धरली.

"ह्या कोनाच्या व्हय?"

ती दाराला धरून उभी राहिली. "त्या तुमच्यासाठी नाईत. खाऊ नोका."

"मंग मले काय देऊन राहिली होती तू?"

तिनं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. डॉक्टरांना विचारा, एवढंच ती म्हणत राहिली. त्यांनी तिला भावाकडं निघून जायला सांगितलं आणि बैलगाडीही जुंपू दिली नाही. ती पायीच निघाली. ते पाठ फिरवून बसले.

त्या दुपारी त्यांनी उपाशीपोटीच दोन-तीन गोळ्या घेतल्या. दिवस मावळायच्या आत बोटं मोकळी झाली आणि त्यांना रडू आलं. एवढा आराम घरातच होता, आणि बायकोनं तो आपल्यापासून चोरला. दुसऱ्या दिवशीही ते गोळ्या घेत राहिले. तिसऱ्या दिवशी काळ्या रक्ताची उलटी झाली. शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत घालून परतवाड्याला नेलं.

पुडी पाहून डॉक्टर संतापले. याच औषधानं गेल्या साली तुमच्या पोटात जखम झाली होती, म्हणाले. पुन्हा एकही गोळी पोटात जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी माणिकबाईला बजावलं होतं. पण बंद केल्या म्हटलं तर दुखण्यापायी हे कुठूनही मिळवून खातील, अशी तिला धास्ती. म्हणून खडूच्या गोळ्या तिनंच मागून घेतल्या होत्या.

खुशालरावांनी पुडीकडं बोट केलं. "मंग ह्या खऱ्या कोनासाठी होत्या?"

"माणिकबाईंच्या स्वतःसाठी," डॉक्टर म्हणाले. "त्यांचे गुडघे तुमच्या बोटांपेक्षा वाईट आहेत. दहा पावलंही चालायची नाहीत, असं मी त्यांना सांगून ठेवलंय."