पुलावरचं हिरवं अस्वल

"अस्वल आजही उलटं चाललं."

चाळणीबाईंनी फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि शेजारचं स्टूल ओढून त्या बसल्या.

गेममधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. त्यांच्या नजरेतून काही निसटत नसे, म्हणून ऑफिसानं हे नाव ठेवलं होतं. वय मात्र 'बाई' म्हणावं असं नव्हतं.

प्रोग्रॅमरनं कपाळाला हात लावला. "काल सरळ केलं होतं हो! माझ्या डोळ्यांदेखत पूल ओलांडून गेलं."

"मग रात्रीतून त्याचा विचार बदलला असेल," चाळणीबाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

चावी दिली की डुलत चालणारं पत्र्याचं अस्वल तेव्हा मुलांचं फार लाडकं होतं. त्याच्यावर गेम करायचं काम या ऑफिसला मिळालं होतं. खेळण्यातलं अस्वल तपकिरी. गेममधलं हिरवं, कारण त्या मशीनमध्ये तपकिरी रंगच नव्हता. पाठीवरची चावी अस्वल डावीकडे वळलं की पोटावर यायची. त्याचं गुरगुरणं म्हणजे पाणी गेलेल्या नळातली हवा. चालता चालता चावी संपायची आणि ती पुन्हा देईपर्यंत मधमाश्या येऊन त्याला फोडून काढायच्या.

"हे अस्वल नाही, पालकाची जुडी आहे," चित्रकार म्हणायचा. चित्र त्यानंच काढलं होतं.

एवढं सगळं चाललं असतं. पण शेवटचा पूल? मध पलीकडे. अस्वल पुलाच्या मधोमध जायचं, थबकायचं आणि काहीतरी घरी विसरल्यासारखं पाठ फिरवून चालू लागायचं. मध राहिला बाजूला, गेम कधी संपायचाच नाही.

"नेमकं बिघडतं कुठे?" चाळणीबाईंनी विचारलं.

"हे बघा." प्रोग्रॅमरनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे उणे चिन्ह. हे इथे आलं की दिशा फिरते. मी रोज काढतो आणि सकाळी हे आपलं हजर!"

"कुठल्या ओळीत म्हणालात?"

त्यानं पुन्हा दाखवलं. समजावून सांगायला त्याला कंटाळा नव्हता. अस्वलावरून बोलणं चहावर गेलं, चहावरून त्यांच्या घरमालकिणीच्या चिडक्या मांजरावर. चहा निवून गेला.

संध्याकाळी फ्लॉपी चाळणीबाईंकडे द्यायची. त्या ती कपाटात ठेवणार, सकाळी चालवून बघणार आणि मग परत देणार. साहेबांचा नियमच होता तसा. केलेलं काम करणाऱ्याच्या हाती राहिलं की तो ते उगाच कुरवाळत बसतो, असं त्यांचं मत.

"तू जुनीच फ्लॉपी देत असशील," साहेब म्हणायचे.

चित्रकाराचा अंदाज वेगळा होता. "खरं सांग, मुद्दाम उलटं करतोस ना? अस्वल सरळ झालं तर ते स्टूल रिकामं पडेल."

"आईशपथ नाही!"

"मग कान का लाल झाले? चोराच्या मनात चांदणं!"

प्रोग्रॅमरनं पडद्यात तोंड घातलं.

मग साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "उद्या खेळणीवाले मालक येतायत. अस्वल पलीकडे गेलं नाही तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. आणि तुला इथे ठेवणं माझ्या हातात राहणार नाही. सांभाळ बाबा."

त्या दिवशी प्रोग्रॅमरनं फ्लॉपी मशीनमध्ये घातलीच नाही. रोज करून रोज फुकट जाणाऱ्या कामाला हात लावायची त्याची हिंमत होईना. संध्याकाळी चाळणीबाईंच्या हातात ती देऊन तो घरी गेला.

"आज लवकर?" आईनं विचारलं. "अस्वल आलं का ताळ्यावर?"

"उद्या नोकरी जाईल बहुतेक."

"बरं. मग मोरी तरी दुरुस्त करशील," आई म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात जरा जास्तच वाढलं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. ढेरपोटे, आनंदी गृहस्थ. हिरवं अस्वल पाहून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "आजारी आहे का?"

"जंगलात राहून तसं झालंय," चित्रकारानं ठोकून दिलं.

मालक स्वतः खेळायला बसले. मधमाश्यांनी त्यांना दोनदा फोडलं, तशी बाह्या सरसावून ते इरेला पेटले. प्रोग्रॅमर भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. अस्वल पुलावर चढलं. मधोमध आलं. थबकलं.

आणि सरळ पलीकडे गेलं!

मालकांनी आनंदानं टेबलावर अशी थाप मारली की पेनं उडाली. साहेबांनी प्रोग्रॅमरला मिठी मारली. बिस्किटं आली, चहा आला. जाता जाता मालक म्हणाले, "पुढचं माझं चावीचं बदक. तेही यानंच करायचं. फक्त त्याला हिरवं करू नका."

गडबड ओसरली तसा प्रोग्रॅमर कप घेऊन चाळणीबाईंजवळ गेला.

"एक विचारू? काल मी फ्लॉपीला हातसुद्धा लावला नव्हता. मग ते उणे चिन्ह काढलं कोणी?"

चाळणीबाईंनी बिस्किट चहात बुडवलं, शांतपणे खाल्लं.

"रोज घालणाऱ्यानंच."

मग त्यांनी स्टूल त्याच्या बाजूला ओढलं. "आता बदकाचं आधीच ठरवू या. त्याला किती दिवस बुडवायचं?"