आपत्ती

साहेबानं समोरची खुर्ची दाखवली आणि शालिकरामचा अर्धा राग तिथंच उतरला.

घरून निघताना म्हातारा चांगलाच तापलेला होता. गॅसची पाइपलाइन त्याच्या शेतातून जाणार होती. त्याचं त्याला एवढं दुःख नव्हतं; पाइप जमिनीखाली गाडला की वर पुन्हा धान लावता येतो. पण धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड नेमकं पाइपच्या पट्ट्यात आलं होतं, आणि त्या पट्ट्यावर झाड ठेवायचं नाही असा नियम. लाइन जराशी सरकवा, एवढंच त्याला सांगायचं होतं. बायको होती तोवर तिचा सगळा चैत त्या झाडाखाली फुलं वेचण्यात जायचा. "झाड तुटलं त सीता दुसऱ्यांदा मरन," असं तो स्कूटीवर मागे बसून सुनेला सांगत आला होता.

सून पौर्णिमा मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरातली, हिंदी शाळेत शिकलेली. किरनापूरच्या तहसीलीत शिरताना तिनं बजावलं होतं, "मामाजी, पयले साहेबाले बोलू द्या. भांडू नोका." आता ती डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागे उभी होती. हॉल सुनावणीला आलेल्या गावच्या माणसांनी भरला होता.

साहेब तरुण होता, सज्जन होता. त्यानं आधी पाणी मागवलं. मग कागद पुढे ओढून विचारलं, "बाबा, आपको कोई आपत्ति है?"

सरकारी हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. पण शालिकरामची हिंदी बाजारातली. त्याच्या कानाला आपत्ती घरचीच लागली: पूर, आग, दारातलं मरण. एवढा मोठा अधिकारी, आणि आधी आपल्यावर काही संकट तर नाही ना म्हणून विचारतो! म्हातारा गहिवरला. आणि खुशाली विचारणाऱ्यापुढे पहिल्याच झटक्यात रडगाणं गायचं नसतं, कामाचं मागून बोलायचं, एवढी रीत त्याला कळत होती.

"नाही साहेब. देवाच्या दयेनं आपत्ती काहीच नाही."

"पक्का? कोई आपत्ति नहीं?"

"बिलकुल नाही. सगळं बरं हाय."

पौर्णिमाच्या ओठांवर शब्द आले. 'मामाजी, ते झाडाचंच इचारून राह्यले.' एवढंच तर बोलायचं होतं. पण चारचौघांत सासऱ्याची बात कापायची नाही, ही त्या घरची शिस्त. बोलतील, आता स्वतःच झाडाचं बोलतील, असं म्हणत तिनं पदराचं टोक दातात धरलं.

शेजारी बसलेल्या बाबूनं लिहून घेतलं. शालिकरामनं एकेक अक्षर कोरत सही केली. मग तो खुर्चीत नीट बसला, खाकरला आणि मांडीवरच्या दुपट्ट्याची गाठ सोडली. आत सकाळी वेचलेली मोहाची फुलं होती, साहेबाला द्यायला आणलेली.

"तं साहेब, आमच्या धुऱ्यावर..."

"चलो, अगला!" बाबू ओरडला.

शालिकराम बाहेर ओट्यावर येऊन बसला. चेहऱ्यावर समाधान होतं. "भला माणूस हाय वो. पयले घरचं सुखदुःख इचारलं. आता झाडासाठी बोलावन."

पौर्णिमा हॉलच्या दाराकडे नजर लावून उभी राहिली. सुनावणी संपून साहेब जीपकडे निघाला, तेव्हा ती धावली. "सर, इनको आपत्ति है! महुए का पेड़ है. ये शब्द नहीं समझे."

साहेब थांबला. त्याला खरंच वाईट वाटलं. "मैंने दो बार पूछा था, बेटी. अब तो दर्ज हो गया. उसी वक़्त बोलना था ना?"

कायद्यानं विचारायला सांगितलं होतं, त्यानं विचारलं होतं. जीप गेली.

शालिकराम तिच्या मागोमाग आला होता. सगळं ऐकलं होतं. "म्हंजे तो झाडाचंच इचारत होता?"

"हौ, मामाजी."

"तुले समजलं होतं?"

"हौ."

"मंग काहून नाही बोलली?"

तिचे डोळे भरून आले. "चारचौघांत तुमची बात कशी कापू?"

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं दुपट्ट्याची गाठ पुन्हा बांधली.

"कापाची होती, बाई," तो म्हणाला. "झाड त वाचलं असतं."