मिराबाईचं दुसरं गाणं

मिराबाईचं गाणं संपलं आणि गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. गावचे जमीनदार व्यंकटराव ओट्यावर हार घालून बसले होते. निजामाची राजवट जाऊन महिना झाला होता, आणि आपण रझाकारांशी कसे लढलो हे एव्हाना ते स्वतःच खरं मानू लागले होते. गाणं त्यांच्याच शौर्याचं होतं, मिराबाईनं अस्सल मराठीत रचलेलं.

मिराबाईच्या बंजारा तांड्याला जागा दिली होती ओट्याच्या मागं, गाड्यांपाशी. तिथं एकानंही टाळी वाजवली नाही. आपलीच बाई जमीनदाराचे गोडवे गाते म्हणून मंजुळाबाई तर मातीत थुंकली.

मिराबाई लहानपणापासून दोन बोलींत गाणी रचायची. तांड्यासाठी गोरमाटीत, गावासाठी मराठीत. साखऱ्यापासून हट्ट्यापर्यंत कुठल्याही गावी लग्न असो की जत्रा, तिच्या थाळीच्या ठेक्याशिवाय रंग चढत नसे. उन्हाळ्यात नवरा धर्मसिंग मेला आणि थाळी खुंटीला लागली.

धर्मसिंग रझाकारांना चुकवून घळीत लपला होता. काठावरून कुणीतरी गोरमाटीत हाक दिली, गेले ते, वर ये. आपलीच बोली ऐकून तो भोळा वर आला आणि गोळी खाऊन पडला. सोबत्यानं हाक ऐकली होती, माणूस पाहिला नव्हता. गावात तर ही बोली कुणालाच येत नव्हती. मग हाक तांड्यातलीच! तांड्यानं मिराबाईच्या सख्ख्या भावावर, उत्तमसिंगवर, आळ घेतला आणि त्याला वाळीत टाकलं. आजही तो लांब, बाभळीखाली एकटाच बसला होता. मिराबाई एकदाही रडली नाही. हाक देणाऱ्याच्या नरडीचा घोट घ्यायचा, एवढंच तिला ठाऊक होतं.

"मालक, आता आमच्या बोलीत म्हनू का?" तिनं विचारलं.

"म्हन की! आमाला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई, पन तांड्याला बराबर कळू दे." व्यंकटरावांनी मिशीवरून हात फिरवला.

तिनं पुन्हा थाळी धरली. चाल तीच, चेहऱ्यावरचं हसूही तेच. शब्द कळत नव्हते तरी गाव कौतुकानं डोलत होतं. व्यंकटरावही डोलत होते.

तिसऱ्या कडव्याला ते एकदम दचकले. डावा पाय झटकन वर घेतला, जोडा भिरकावला आणि तळवा चाचपू लागले. पायावर काहीच नव्हतं.

मिराबाईनं थाळी थांबवली. ओट्याच्या मागं तांड्यातला एकेक माणूस उठून उभा राहत होता. बाभळीखालून उत्तमसिंगही उठला. आता ती मराठीत बोलली, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मालक, डाव्या पायावर इंचू चढला, असं मी गोरमाटीत म्हनलं. गावात कुनाचाच पाय हालला न्हाई. तुमचाच काहून हालला?"