अकरा विहिरी

बायको गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं, त्याच दिवशी तिचा शोधनिबंध मासिकाकडून परत आला होता. तेराव्या दिवशी तिच्या सहकारी देवस्थळीबाईंनी मला ते सांगितलं.

मी एसटीत मेकॅनिक. तरी ती प्रत्येक निबंध आधी मला वाचून दाखवायची. “तुमच्या डोक्यात शिरलं, की कुणाच्याही शिरेल,” म्हणायची. मी अडलो, की तेवढा भाग नव्याने लिहायची.

हा निबंध विहिरींच्या पाण्यावर होता. चाळीसपैकी अकरा विहिरी तिने का वगळल्या, ते मला कळलं नाही. पण दोन ओळी वाचूनच तिला धाप लागत होती. पुन्हा लिहायला बसेल, म्हणून मी म्हणालो, “कळलं सगळं.”

“आज बरे हुशार झालात!” ती हसली आणि तिने निबंध पाठवून दिला.

“त्यांनी त्या अकरा विहिरींचाच खुलासा मागितलाय,” देवस्थळीबाई म्हणाल्या. “तिच्या वहीतही नाही. तुम्हाला काही बोलली होती का?”

“मी विचारलंच नाही,” मी म्हणालो.

निबंध अजून छापलेला नाही. तेवढा एक परिच्छेद लिहायचा राहिला आहे.