खालचा डोळा

शामकलानं नारळ एकाच घावात फोडला. नारळाचं पाणी तलावात पडलं. पाळीवर, तलावाच्या बांधावर, तिच्या गावची तीसेक माणसं उभी होती. त्यातलं एकही तिच्याकडं पाहत नव्हतं. सगळे मनिरामभाऊंकडं पाहत होते.

भाऊ तिच्या शेजारीच उभे होते. पलीकडच्या गावचे. दोन गावांची मिळून एकच ग्रामपंचायत. नऊपैकी पाच मतं पडून ती बारा दिवसांपूर्वी सरपंच झाली होती, आणि त्या पाचांतली तीन भाऊंच्या माणसांची होती. तलावात सोडलेली मासोळीही भाऊंचीच.

"एकच डोळा उघडा, सरपंचबाई," भाऊ हळूच म्हणाले. "मासोळी बोटाएवढी आहे अजून. पाणी उतरलं तं बगळेच खातील."

तलावाच्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी पायऱ्यांना, वरून खाली पाच डोळे होते. प्रत्येकात लाकडी खुटा ठोकलेला. हंगामाचं पाणी सोडताना किती डोळे उघडायचे ते सरपंचानं सांगायचं, आणि वरून खाली एकेक उघडत जायचं, अशी रीत. यंदा पाऊस पोळ्यालाच थांबला होता. वरचे दोन डोळे कोरडे पडले होते, तिसरा वीतभर पाण्याखाली होता. त्यातून निघणारी धार पाळीजवळच्या बांध्यांतच, धानाच्या खाचरांतच, जिरली असती. शेवटच्या बांध्या तिच्या गावच्या. तिथं धान लोंबीवर होतं आणि जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"वो शामकला, तलावाले नुसता नारळच दाखवतेस का?" म्हातारी रुख्मा मागून ओरडली. "पाणी बी सोड ना वो!"

कोणीतरी हसलं आणि भाऊंनी मान वळवताच गप्प झालं.

"सोडून राहिली ना, काकी," शामकला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

खाली पायरीवर तिच्याच गावचा कवडू खुटा काढायची लोखंडी सब्बल घेऊन उभा होता. तुडुमाचं काम त्याच्या बापापासून त्याच्याच घरात होतं. दोन वर्षांमागं त्यानं भाऊंना न विचारता दोन डोळे उघडले होते. त्या आठवड्यात त्याची दोन बोटं गेली. लाकूड फोडताना तुटली, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. बोटं उजव्या हाताची होती, आणि कवडू कुऱ्हाड उजव्याच हातानं धरायचा.

"किती उघडू, बाई?" कवडूनं विचारलं.

"एक."

पाळीवरून एक सुस्कारा गेला. रुख्मा मटकन खाली बसली. भाऊंनी समाधानानं मान हलवली.

कवडू मात्र जागचा हलला नाही. "कोणता?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. पाण्याखालचा सगळ्यात वरचा, हे ठरलेलंच असे. शामकलानं कवडूकडं पाहिलं. त्याचे डोळे पाण्यावर होते. खोलातलं पाणी जोरानं सुटतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, भाऊंनाही.

"खालचा," ती म्हणाली.

इतक्या हळू, की कोणाला ऐकू गेलं नसावं असं तिला वाटलं. पण कवडूनं सब्बल घेऊन बुडी मारली होती.

ती मनात आकडे मोजत राहिली. वीसला बुडबुडे आले. छत्तीसला खुटा वर आला, एकटाच, आणि गरगर फिरत तरंगू लागला. पन्नास. पंचावन्न. एकसष्टला कवडूचं डोकं वर आलं, आणि पाळीच्या पलीकडं पाट धडधडू लागला. माणसं फावडी घेऊन पाटाच्या कडेनं पाण्यामागं धावली. रुख्माही लुगडं खोचून धावली. पाळ रिकामी झाली. आता पाणी उतरेपर्यंत तो डोळा बुजणार नव्हता. त्या ओढीत हात घालेल असा माणूस दोन्ही गावांत नव्हता.

भाऊ काही वेळ पाटाचा आवाज ऐकत राहिले.

"एक म्हटलं, एकच उघडला," मग ते म्हणाले. "शब्दाच्या पक्क्या आहात तुमी." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "घ्या. आपली युती आहे."

तिनं तुकडा तोंडात टाकला. तो गिळवेना.

भाऊ पायरीकडं वळले. "कवडू, किती भिजलास बापा! चाल, गाडीत बस. घरी सोडतो."

"पायीच जातो ना, भाऊ."

"बस म्हटलं ना."

कवडूनं खुटा उचलून छातीशी धरला आणि तो जीपकडं चालू लागला. शामकलाकडं त्यानं पाहिलं नाही.

पाटाच्या कडेनं गेलेली माणसं आता लहान लहान दिसत होती. हाक पोचली नसती. त्यांच्यामागं जायला तिला कोणी अडवलं नव्हतं.

"मी बी येते," ती म्हणाली. "मलेबी गावातच जायचं आहे."

भाऊंनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, मग स्वतः मागचं दार उघडून धरलं. ती कवडूच्या शेजारी बसली. कवडूच्या मांडीवरच्या खुट्याचं पाणी गळून तिच्या पायावर येत होतं. खोबरं अजून तिच्या गालात होतं.

फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली. डावीकडं गाव, उजवीकडं सागाचं जंगल.

"भाऊ, कोणीकडं?"

भाऊंनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"सरपंचबाईले विचार," ते म्हणाले. "आता त्याच सांगतात."