कप्तानाचा शंख
अमेरिकेतल्या लीहाय कालव्यावर वळणाआडून नावेचा शंख ऐकला, की दरवाजावाला ड्रिस्कॉल नुसत्या नादावरून कप्तान ओळखायचा आणि मगच पाण्याचा दरवाजा उघडायचा. आज मात्र तो दचकला. तीन लांब, एक आखूड. हा नाद तर टिअर्नीचा! आणि टिअर्नीला रविवारीच त्यानं खांदा दिला होता. खेचरांनी ओढलेली कोळशाची नाव आली. सुकाणूवर टिअर्नीची बायको नोरा, कमरेला शंख. "वहिनी, नाव इथंच बांधा," ड्रिस्कॉल म्हणाला. "दरवाजा कप्तानासाठीच उघडतो मी." "मग बारा वर्षं कुणासाठी उघडत होतात, भावोजी?" नोरा म्हणाली. "खाणीतल्या धुळीनं ह्यांची छाती कधीच खाल्ली होती. शंख मी फुंकायचे अन् ते मिरवायचे." "तरीच, शंखाची तारीफ केली की लाजायचा लेकाचा!" म्हणत ड्रिस्कॉलनं टोपी काढली आणि दरवाजा उघडला. "या, कप्तान!"